सकाळचे हात

‘एवढं तोडून काय बोलतेस?’ असं धाकटीनं विचारलं, आणि आपण असं काय बोललो ते थोरलीला आधी कळेचना. फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवलेला, गॅसवर दूध, खाली रस्त्यावर कुणाचा तरी खराटा चाललेला, आणि त्या तळहाताएवढ्या पडद्यावर धाकटीचा चेहरा भुवया ताणून पुन्हा विचारत होता, ‘सांग ना. काय झालंय तुला?’ धाकटी जन्मापासून बहिरी. दोघी बहिणींचं बोलणं हातांनी चालायचं, आणि हातांनी बोलणारी माणसं प्रश्न विचारतात ते भुवयांनी. ‘काही नाही,’ थोरली म्हणाली. तेही तोडूनच म्हटलं गेलं असावं, कारण धाकटी मान मागे घेऊन तिच्याकडे बघत राहिली. खरं तर तिनं विचारलेली गोष्ट लहानसहान नव्हती. दूरच्या एका गावी बहिऱ्या मुलांची निवासी शाळा होती आणि तिथं तिला शिकवायला बोलावलं होतं. कपड्यांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं कॉलर शिवून तिचे डोळे आणि जीव दोन्ही विटले होते. तिनं विचारलं होतं, ‘जाऊ का? तू नको म्हणालीस तर नाही जात.’ ह्यावर थोरलीच्या मनात एक लांबलचक वाक्य तयार झालं होतं. जा, तू त्या पोरांसाठीच जन्माला आली आहेस, मला तुझ्याशिवाय करमणार नाही, तरी जा, आणि तिकडे गेल्यावर मला विसरलीस तर येऊन कान उपटीन, नाहीतरी ते तुझ्या काही कामाचे नाहीत. ह्यातली शेवटची थट्टा तर दोन्ही हात नाचवल्याशिवाय सांगताच येत नाही. पण हात वर आले ते लाकडासारखे. बोटं उघडेनात, मनगट फिरेना. एवढ्या मोठ्या वाक्यातला एकच शब्द कसाबसा बाहेर पडला, ‘जा’, आणि तोही अंगावरची माशी झटकावी तसा. धाकटीनं फोन बंद केला. दूध उतू गेलं ते थोरलीला करपल्याच्या वासावरून कळलं.

दिवसभर तो शब्द तिच्या मागे लागला. तोडून! बसमध्ये खांबाला कोपर अडकवून ती उभी होती, कारण बोटांनी खांब धरणं तिनं कधीच सोडून दिलं होतं, आणि उभ्या उभ्या आठवत होती की आपण बहिणीशी तोडून कधी बोललो. लहानपणापासून तिच्यावर आरोप होता तो अगदी उलटा. ‘तुझे हात एकदा सुटले की थांबायचं नाव घेत नाहीत,’ असं धाकटीच म्हणायची, आणि वैतागाचं सोंग करून डोळे मिटून घ्यायची. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की संपलंच, पुढे बोलायची सोय नाही. मग थोरली तिला गुदगुल्या करून डोळे उघडायला लावायची. आणि आता हीच धाकटी म्हणते, तोडून! गेल्या वर्षभरात तर थोरली उलट फार जपून बोलली होती. बोटांच्या मुळांशी आणि मधल्या पेरांवर आलेली सूज दिसू नये म्हणून खिडकीकडे पाठ करून बसायची, म्हणजे उजेड मागून यायचा आणि हात सावलीत राहायचे. जिथं दोन हात लागतात तिथं एकावर भागवायची, जिथं पाच वाक्यं लागतात तिथं एक. प्रत्यक्ष भेटणं तर तिनं बंदच केलं होतं. दोघी शहराच्या दोन टोकांना राहायच्या, निमित्तांना काय तोटा? आज सर्दी, उद्या काम, परवा पाहुणे, जे तिच्याकडे कधी येत नसत. आई गेल्यापासून थोरली एकटीच राहायची. लग्न राहून गेलं होतं, आणि त्याचं तिला फारसं काही वाटत नसे, कारण दिवसाची सुरुवात धाकटीशी बोलण्यानं व्हायची आणि तेवढ्यावर दिवस निभावून जायचा. सकाळ हीच त्यांची वेळ होती. कारखान्यात फोन दारावर ठेवून घेत, आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत धाकटीचे डोळे असे थकलेले असायचे की तिला कुणाचे हात बघवत नसत.

आजाराचं नाव आमवात. ते थोरलीला चांगलं माहीत होतं, हीच तर त्यातली गंमत. ती दुभाषी होती. हाडांच्या आणि सांध्यांच्या दवाखान्यात बहिरे पेशंट आले की डॉक्टरांचं बोलणं हातांत आणि हातांचं बोलणं तोंडात आणून द्यायचं, हे तिचं काम. दवाखान्यात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला दुभाषीबाई म्हणत. इतक्या वर्षांत तिनं एकेक दुखणं आपल्या हातांवर घेतलं होतं. गुडघ्याची झीज सांगायची तर दोन मुठी जराशा अंतरावर धरायच्या, मधल्या जागेत गादी आहे असं दाखवायचं, मग ती गादी विरत जाते, मुठी जवळ येतात आणि एकमेकींवर घासतात. चाललं की दुखतं, बसलं की बरं वाटतं. ठिसूळ हाडांचं वेगळं. ती बाहेरून अख्खी आणि आतून पोखरलेली, आणि हे सांगताना चेहरा शांत ठेवायचा, कारण हाड मोडेपर्यंत काही दुखतच नाही. त्यामुळे म्हाताऱ्या बायका हमखास विचारत, दुखत नाही तर औषध कशाला? पायाच्या अंगठ्यात साचणाऱ्या खड्यांचा आजार सांगताना चेहऱ्यानं बोंब मारावी लागायची, कारण त्यात अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही. आणि आमवात. सांध्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, ‘शरीराचा पहारेकरी बिथरतो आणि घरच्याच माणसाला चोर समजून बडवायला लागतो.’ थोरलीच्या हातांवर तो पहारेकरी असा जिवंत व्हायचा की पेशंट स्वतःचं दुखणं विसरून हसत. दोन्ही हात सारखेच सुजतात, ती सांगायची. सकाळी आखडतात, दिवस चढतो तसे सुटतात. झिजेच्या दुखण्याला विसावा मानवतो, ह्याला मानवत नाही. हे सगळं तिनं किती जणांना किती सुंदर बोटांनी सांगितलं होतं. आणि स्वतःच्या हातांना दातांच्या पेस्टचं झाकण फिरेनासं झालं, ब्लाऊजची हुकं लागेनाशी झाली, तेव्हा तिनं स्वतःला काय सांगितलं, तर गार पाण्यात धुणं धुतलं म्हणून असेल. पुढे कधीतरी दुसऱ्याच भागातल्या एका दवाखान्यात जाऊन तिनं गोळ्या सुरू केल्या. आपल्या दवाखान्यात कुणाला काही बोलली नाही. सकाळच्या पाळ्या सोडून तेवढ्या दुपारच्या मागून घेतल्या. दुपारी हात बऱ्यापैकी चालायचे, त्यामुळे तिथं कुणाला पत्ता लागला नाही.

ही भाषा तिला शिकवली धाकटीनंच. धाकटी अगदी लहान असताना तिला बहिऱ्यांच्या शाळेत ठेवलं, वसतिगृहात, आणि पहिल्या सुट्टीत ती घरी आली ती ओंजळभर शब्द घेऊन. आईला ते पसंत नव्हतं. कुणा शहाण्यानं तिला सांगितलं होतं की हातवारे करू दिले तर पोर तोंडानं कधीच बोलणार नाही. मग घरात फर्मान सुटलं, हात खाली. आई जेवताना तिचे हात मांडीवर ठेवायला लावायची आणि ओठ मोठमोठे करून ‘भा-त’ म्हणायची, आणि धाकटी तिच्या तोंडाकडे असं बघायची की तिथं काहीतरी अडकलंय आणि काढायला मदत करावी की काय. बहिणींचं खरं बोलणं चालायचं ते टेबलाखाली, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड, आणि न्हाणीघरात कडी लावून, आरशासमोर. केस विंचरायचे असले तरी दोघी आरशात बघत, म्हणजे पाठ न वळवता बोलता यायचं. साबणाचे हात असायचे, फेस उडायचा, आणि आई बाहेरून ओरडायची, ‘एवढा वेळ काय करताय गं आत?’ ते फक्त थोरलीलाच ऐकू यायचं. ती ते लगेच धाकटीला सांगायची, आईच्या ठसक्यासकट, आणि दोघी हसून भिंतीला टेकायच्या. तोंडात घास असताना बोलू नये हा नियम त्यांना कधी लागू झाला नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना खोलीच्या दोन टोकांना बसून त्यांनी मावशीच्या नव्या दागिन्यांची अशी काही टिंगल केली होती की मावशीच शेवटी म्हणाली, पोरींना माझी बांगडी आवडलेली दिसते. थोरलीला आता त्या दिवसांची आठवण यायची ती घराची नाही की आईची नाही, बोटांची यायची. न दुखणाऱ्या, ओल्या, भन्नाट सुटलेल्या बोटांची. सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसली की ती त्यांच्याकडे बघायची आणि तिला त्यांची, म्हणजे आपल्याच बोटांची, परगावी गेलेल्या माणसासारखी ओढ लागायची.

मग सांगून का टाकलं नाही? हे ती स्वतःला रोज विचारायची. उत्तर असं होतं की बहिरी माणसं ऐकू येणाऱ्यांशी बोलतात तेव्हा हळू बोलतात. मोठमोठे हात करतात, सोपे शब्द निवडतात, मध्ये मध्ये थांबून ‘कळलं?’ म्हणून मान हलवतात. धाकटी दुकानदाराशी तसं बोलायची, शेजाऱ्यांशी, कारखान्याच्या मुकादमाशी. आईशीसुद्धा शेवटपर्यंत तसंच बोलली. ती पाहुण्यांची भाषा होती. साऱ्या ऐकणाऱ्या जगात थोरली एकटीच अशी होती की जिच्यासमोर धाकटीचे हात मोकाट सुटायचे, वाक्यं अर्धवट टाकून पुढे पळायचे, कारण पुढचं तिला कळणारच. आता आजार सांगितला की दुसऱ्या दिवसापासून धाकटी हळू बोलायला लागली असती. काळजीनं, प्रेमानंच, पण हळू. बोटं वाकडी होतील ह्याची थोरलीला भीती नव्हती असं नाही. पण धाकटी आपल्याशी पाहुण्यांच्या भाषेत बोलायला लागेल, ह्याची जेवढी भीती वाटायची, तेवढी डॉक्टरांच्या कुठल्याच बोलण्याची कधी वाटली नाही.

त्या ‘जा’नंतर धाकटीचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. थोरली सवयीनं फोन बरणीला टेकवून ठेवायची आणि काळ्या पडद्यावर स्वतःचंच कपाळ बघत दूध तापवायची. एक लेखी निरोप तेवढा आला. ‘नोकरी घेतली. शनिवारी सकाळची बस. येऊ नकोस, तुला त्रास.’ त्यांच्या घरात एकमेकींना लिहिणं म्हणजे भांडण असायचं. चिठ्ठ्या लिहायची ती आई, आणि त्या चिठ्ठ्यांत कामं नाहीतर रागावणं असायचं. त्यामुळे अक्षरं आली म्हणजे धाकटी किती लांब गेली आहे ते थोरलीला बरोबर समजलं. समजलं नाही ते एवढंच, की का.

ते समजलं एका रंगाऱ्यामुळे. घरांच्या भिंती रंगवणारा बहिरा माणूस, पन्नाशीचा, कानांच्या पाळ्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके, भुवया मात्र काळ्याभोर आणि बोलक्या. दुपारची वेळ होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवून त्याच्या बोटांची मुळं एकेक करून दाबली आणि विचारलं, ‘सकाळी आखडतात का हो?’

‘सकाळी हे हात माझे नसतातच,’ रंगारी म्हणाला, म्हणजे त्याचे हात म्हणाले आणि थोरलीच्या तोंडानं ते खोलीत ऐकवलं. दुभाष्यानं ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नसतं. जो बोलतो त्याचा ‘मी’ आपल्या तोंडी घ्यायचा, हा ह्या कामातला पहिला धडा. ‘किती वेळ?’ ‘अर्धी भिंत होईपर्यंत.’ डॉक्टरीणबाई हसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. पहारेकरी आला, घरचा माणूस आला, बडवाबडवी झाली. रंगारी मान डोलवत बघत होता. त्यानं ब्रशाचं काही विचारलं नाही, शिडीचं विचारलं नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यानं आपले दोन्ही हात उचलून समोर धरले, घटकाभर त्यांच्याकडे बघितलं आणि मग एकच गोष्ट विचारली.

‘मला बोलता येईल ना, डॉक्टर?’ थोरली म्हणाली. वाक्य तिच्या तोंडून आलं आणि शेवटाला तिचा आवाज फाटला.

‘बोलता?’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘अहो, दुखणं सांध्यांचं आहे, घशाला काय धाड भरलीय?’ आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रंगाऱ्याच्या हातांकडे बघितलं. मग थोरलीच्या मांडीवरच्या हातांकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे. ‘हे कोण विचारतंय, दुभाषीबाई?’

‘पेशंट,’ थोरली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ‘येईल,’ त्या म्हणाल्या, आणि कुणाकडे बघून म्हणाल्या ते नीट कळलं नाही. ‘वेळेवर औषध घ्यायचं, ते आपल्या मनानं बंद करायचं नाही. बोटं चालवत राहायची. सकाळी थोडं कमी, दुपारनंतर जास्त. अगदी पहिल्यासारखं रोजच होईल असं मी सांगत नाही. पण बोलता येईल.’

रंगाऱ्याला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा सैल पडला, आणि सैल पडलेली माणसं बोलायला लागतात तसा तो बोलायला लागला. ‘माझी बायकोपण बहिरी आहे,’ त्यानं सांगितलं, थोरलीच्या तोंडून. ‘किती दिवस आमची रोज सकाळी भांडणं. ती म्हणते, तू माझ्यावर खेकसतोस. मी म्हटलं, मी नुसतं मीठ मागितलं. ती म्हणाली, मीठ मागितलंस की लाथ मारलीस? आणि संध्याकाळी कामावरून आलो की माझं बोलणं गोड. तर तिला वाटायला लागलं, हा कुठंतरी पिऊन येतो, म्हणून गोड होतो. माझं तोंड हुंगायची हो!’ डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. रंगारीही हसला. थोरली हे सगळं ‘मी’ म्हणून सांगत होती, त्याच्या ठसक्यात, त्याच्या तक्रारीच्या सुरात, आणि ‘मी नुसतं मीठ मागितलं’ हे शब्द स्वतःच्या आवाजात स्वतःच्या कानांवर पडल्यावर ती अडखळली. पुढचं वाक्य तिच्याकडून राहूनच गेलं. रंगाऱ्यानं भुवया उंचावून विचारलं, काय झालं? ‘काही नाही,’ ती म्हणाली, आणि दुपारच्या मऊ हातांनी म्हटलेलं ते ‘काही नाही’ किती वेगळं दिसतं, ते तिनं पहिल्यांदा बघितलं.

तर असं होतं ते. आपल्याला वाटत होतं की आपण फक्त कमी बोलतोय. पण हातांच्या भाषेत हाताचा डौल म्हणजेच आवाज. मनगटाच्या वळणात माया असते, बोटांच्या उघडण्यात हसू. वर्षभर धाकटीनं बघितले ते फक्त सकाळचे हात. ठोकळ्यासारखे, आखडते, उजेडाला पाठ केलेले. बहिऱ्या माणसासमोर अंधारात बसून बोलणं म्हणजे तोंड फिरवून पुटपुटणं, हे तिला माहीत नव्हतं का? साऱ्या जगाला समजावून सांगण्यात जिचा जन्म गेला तिला एवढं समजू नये! धाकटी रोज सकाळी कामावर जायच्या घाईत वेळ काढून तिला फोन करत होती, आणि रोज सकाळी थोरली तिच्यावर खेकसत होती. तरी ती दुसऱ्या दिवशी परत फोन करायची. शेवटी तिनं विचारलं, जाऊ का, तू नको म्हणालीस तर नाही जात. त्या विचारण्यात केवढी आशा होती. आणि आपण माशी झटकली.

संध्याकाळी तिनं फोन लावला. हात चांगले होते, ती दिव्याखाली तोंडावर उजेड घेऊन बसली होती. फोन वाजत राहिला, म्हणजे धाकटीच्या खोलीत त्याचा दिवा लुकलुकत राहिला असणार आणि धाकटी त्याच्याकडे बघत बसली असणार. तिनं तो घेतला नाही. लहानपणी डोळे मिटून घ्यायची तसाच प्रकार, फक्त आता गुदगुल्या करायला हात पोचत नव्हते. पुन्हा लावला, पुन्हा तेच. थोरलीनं मग निरोप लिहायला घेतला. ‘मी रागावलेले नाही. मला आमवात झाला आहे.’ लिहिलेलं वाचल्यावर ते दवाखान्याच्या केसपेपरसारखं दिसायला लागलं. हे वाचून धाकटी काय करील? एकटी बसून बोटांच्या वाकड्या आकृत्या शोधून बघेल आणि रडेल. ह्यात मी कुठं आहे? तिनं ते पुसून टाकलं. चेहऱ्याशिवाय, हातांशिवाय धाकटीला काही सांगायचं तिला माहीतच नव्हतं.

शनिवारी सकाळी तिनं हात गरम पाण्यात बुडवले, पाणी निवलं, पुन्हा तापवलं. बोटं ढिम्म. हुकं लावायचा नाद सोडून तिनं वरून शाल गुंडाळली. दाराचं कुलूप दोन्ही तळव्यांत किल्ली धरून फिरवलं, रिक्षात दांड्याला कोपर अडकवून चढली, आणि थांब्यावर पोचली तेव्हा बसमध्ये माणसं बसून झाली होती. दार बंद. ड्रायव्हर आत आरसा पुसत होता. तिनं दारावर तळवा आपटला तर कंडक्टरनं आतूनच ‘जागा नाही’ म्हणून हात हलवला. बंद काचांची बस होती ती, खिडक्या न उघडणारी. खाली पोचवायला आलेली माणसं काचेतून आतल्या माणसांशी काहीतरी बोलायचा आटापिटा करत होती. ‘पोचल्यावर फोन कर’ म्हणून ओरडत होती, कानापाशी मूठ नेऊन दाखवत होती, आणि आतली माणसं काही न कळता मान डोलवत होती. धाकटी मागच्या बाजूला खिडकीशी होती. शेजारी एक जाडजूड बाई आताच झोपी गेलेली. थोरलीनं काचेवर टकटक केली, आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं आणि रडूही आलं. ती मागे सरली, जिथं ऊन पडलं होतं तिथं उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले.

धाकटीनं मान वळवली. चेहरा बंद होता. ‘कशाला आलीस?’

‘रागावले नाही,’ थोरली म्हणाली. ते असं आलं की समोरच्याच्या मुस्काटात मारावी. धाकटीची मान मागे गेली. थोरलीनं पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. जितक्या जोरानं ती मऊ बोलायला बघत होती तितके हात कडक होत होते. इंजिन सुरू झालं. मग तिनं बोलणं सोडून दिलं आणि नुसते हात वर धरले, उन्हात, सुजलेले, लाल, जसे होते तसे. मूठ वळायचा प्रयत्न केला, वळली नाही. बोटं ताणायचा प्रयत्न केला, ताणली गेली नाहीत. शेजारी कुणीतरी खिशात हात घालून तिच्याकडे बघत होतं, मागायला आलेली बाई समजून. ‘सकाळ,’ ती म्हणाली. ‘हात. बंद.’ मग ‘दुपार’. आणि ‘उघडतात’ हा शब्द काही केल्या येईना, तेव्हा तिनं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली. करंगळीशी पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, दुखण्यानं म्हणा की कशानंही म्हणा.

धाकटी जागेवरून अर्धी उठली. तिनं कपाळ काचेला टेकवलं आणि त्या हातांकडे, फक्त हातांकडे, बघत राहिली. मग विचारलं, ‘दुखतं?’

नाही म्हणायची सवय होती. थोरलीनं मान हलवली, हो.

‘बोलताना?’

हो.

‘रोज? रोज सकाळी माझ्याशी बोलताना?’

हो. हो. हो.

धाकटीचे हात मांडीवर पडले. बस हलली, मागे यायला लागली, आणि थोरली तिच्याबरोबर बाजूबाजूनं चालायला लागली. ज्याची इतके महिने भीती होती तो क्षण आता आला होता. आता हे हात उठतील, मोठे होतील, हळू होतील, कळलं? म्हणून थांबतील. तिला वाटलं, बघूच नये. पण न बघणं म्हणजे न ऐकणं, आणि तिला ऐकायचं होतं, काहीही असलं तरी ऐकायचं होतं.

हात उठले आणि सुटले. ‘मूर्ख, बावळट, वर्षभर, अगं वर्षभर मला वाटलं मी तुला नकोशी झाले, रोज रडत कामाला जायची, मुकादम विचारायचा डोळ्यांना काय झालं, आणि तू काळोखात बसून, थांब, तिकडे संध्याकाळी मोकळी आहे मी, संध्याकाळी फोन करणार, उजेडात बसायचं, न बोलता बसलीस तरी चालेल, मी बोलीन, मला खूप सांगायचंय, ही बाई बघ ना, माझ्या अर्ध्या जागेवर पसरलीय, पोचेपर्यंत माझा चेंदामेंदा,’ आणि वाक्यं अर्धीच टाकून, एकात दुसरं घुसवत, भुवया, खांदे, गाल, सगळ्यांसकट ते हात काचेमागे असे पळत होते की साऱ्या थांब्यावर दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षरही कळलं नसतं. एकदाही ते थांबले नाहीत. एकदाही हळू झाले नाहीत. बस वळली, मध्ये दुसरी एक बस आली, आणि शेवटचं वाक्य थोरलीच्या हातून निसटलं. काहीतरी थट्टा होती एवढं भुवयांवरून कळलं. काय होती, ते संध्याकाळी विचारायचं होतं.